पाचच वेळा, बरं का!

मैत्रिणींनो, आपण दिवसातून किती वेळा बेत बदलतो याची मोजदाद कुणी ठेवत नाही. सकाळी भरली वांगी ठरतात, दुपारी कुणी पाहुणे टपकतात आणि रात्री पिठल्यावर भागतं. तुमच्या घरातल्या कॉम्प्युटरचा डीव्हीडी ड्राइव्ह मात्र आपल्या बेतांची चोख मोजदाद ठेवतो. कुठल्या मुलखाची डीव्हीडी चालवायची, हा बेत त्याच्याकडे पाचच वेळा ठरवता येतो. सहाव्यांदा तो ऐकत नाही, मग तुम्ही गोड बोला की कपाळाला हात लावा.

“आता डीव्हीडी कोण बघतंय बाई, सगळं फोनवर येतं!” असं तुम्ही म्हणाल. कबूल. पण जरा कपाटाचा खालचा कप्पा उघडून बघा. मुलांनी परदेशातून येताना आणलेले पिक्चर, व्यायामाच्या डीव्हीड्या, नातवंडांची कार्टून्स, सगळं तिथं असतं की नाही? त्यातलं पुष्कळसं फोनवर शोधूनही मिळत नाही. नव्या लॅपटॉपना बहुधा ड्राइव्हच नसतो, म्हणून आपण वायरीनं जोडायचा वेगळा ड्राइव्ह विकत आणतो. तर त्यालाही हाच नियम लागू आहे.

भानगड अशी आहे. डीव्हीडी १९९६ साली जपानात आणि १९९७ साली अमेरिकेत बाजारात आली, तेव्हा सिनेमा कंपन्यांनी जगाचे सहा तुकडे पाडले आणि त्यांना नंबर दिले. अमेरिका आणि कॅनडा एक नंबरात. इंग्लंड, युरोपातले बरेचसे देश, जपान आणि दुबईकडचा भाग दोन नंबरात. सिंगापूर, हाँगकाँग, दक्षिण कोरिया तीनमध्ये. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण अमेरिका चारमध्ये. आपण पाच नंबरात, आपल्याबरोबर रशिया आणि आफ्रिकेचा बराच भाग. चीन एकटा सहा नंबरात. विमानात आणि बोटीवर दाखवायच्या डीव्हीड्यांना आठ नंबर. वेष्टनाच्या मागच्या बाजूला पृथ्वीच्या गोळ्याचं लहानसं चित्र असतं, त्यात हा नंबर छापलेला असतो. जपान आणि इंग्लंड एका पंक्तीला कसे बसले ते कंपन्यांनाच माहीत!

हे कशासाठी? तर पिक्चर तेव्हा आधी अमेरिकेत लागायचा आणि इतर देशांत काही महिन्यांनी. थेटरात लागायच्या आतच तिकडची डीव्हीडी इकडे आली तर तिकीट कोण काढणार? शिवाय प्रत्येक देशात किंमत वेगळी लावायची सोयही झाली. आता मोठे पिक्चर जगभर एकाच सुमाराला लागतात, पण कपाटातल्या डीव्हीडीवरचा नंबर काही पुसला जात नाही. मला विचाराल तर ही शुद्ध दादागिरी आहे. आपण पातेलं विकत घेतो, तेव्हा त्यात कुठल्या गावची डाळ शिजवायची हे भांडेवाला ठरवतो का?

आणि यात आपणच अडाणी ठरतो असंही समजू नका. २००९ च्या मार्चमध्ये इंग्लंडचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन अमेरिकेला गेले होते. ओबामांनी त्यांना पंचवीस नावाजलेल्या अमेरिकन पिक्चरांच्या डीव्हीड्या भेट दिल्या. त्या एक नंबरच्या निघाल्या आणि लंडनला लावल्यावर चालल्याच नाहीत, असं तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आलं होतं. दोन देशांच्या प्रमुखांची ही गत, तर आपली काय कथा!

टीव्हीखालच्या प्लेअरचं गणित वेगळं. आपल्याकडे विकले गेलेले पुष्कळ स्वस्त प्लेअर कुठलाही नंबर मुकाट्यानं चालवतात. कॉम्प्युटरचा ड्राइव्ह तसा भोळा नाही. २००० सालच्या १ जानेवारीपासून नव्या ड्राइव्हच्या पोटातच नंबराची आणि बदलांची नोंद राहील अशी व्यवस्था केली गेली. पुष्कळदा ड्राइव्ह कोरा येतो. नंबर असलेली पहिली डीव्हीडी घालून तो ठरवला, की पाचातली एक पाळी संपली. पुढं दर बदलाला एकेक. पाचवी वापरली की शेवटी ठेवलेला नंबर कायमचा. विंडोज पुसून नवी घातली तरी हिशोब तसाच राहतो, कारण तो कॉम्प्युटरकडे नसून ड्राइव्हकडे असतो. कंपनीला तो चार वेळा पुन्हा पाचावर आणता येतो म्हणे, पण त्यासाठी ड्राइव्ह घेऊन कोण कुठं हिंडणार?

सांगलीला माझ्या नणंदेकडे हाच प्रसंग आला होता, २०१४ सालच्या मे महिन्यात. भाचा न्यूजर्सीहून सहकुटुंब महिनाभर आला होता. नातू पाच वर्षांचा. त्याला मराठी समजायचं थोडंफार, पण बोलायचा इंग्रजी, तेही तिकडच्या धाटणीचं. वन्सं मराठी शाळेत शिकलेल्या. इंग्रजी वाचता येतं, पण त्या पोराचं भराभर बोलणं त्यांच्या डोक्यावरून जायचं. पहिले चार दिवस आजी-नातू नुसते एकमेकांकडे बघून हसत होते. मग त्यानं आपल्या बॅगेतून कार्टूनच्या डीव्हीड्या काढल्या. लॅपटॉपसमोर दोघं बसली, आणि पडद्यावर मासा आला की वन्सं म्हणायच्या “मासा”, तो म्हणायचा “मासा”. कासव, बेडूक, पाऊस... रोज दहाबारा शब्द. जेवताना तो आमटीत बोट घालून “पाऊस!” म्हणाला, तेव्हा वन्संनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं.

इकडे भावोजींना संध्याकाळी युद्धाचे इंग्रजी पिक्चर बघायची हौस. ते पिक्चर इथलेच, म्हणजे पाच नंबरचे. नातवाच्या डीव्हीड्या एक नंबरच्या. मग काय, शेजारचा कॉलेजातला मुलगा येऊन सकाळी एक करून द्यायचा आणि संध्याकाळी पाच. लॅपटॉप नवा असताना पाच ठेवला ती पहिली पाळी. नातवासाठी एक ठेवला ती दुसरी. पुन्हा पाच, पुन्हा एक. अशा चार गेल्या. पाचव्यांदा बदलायला गेले तर पडद्यावर आलं, शिल्लक बदल १.

वन्संचा मला फोन. “वहिनी, तो मुलगा म्हणतो ही शेवटची पाळी. दाबायचं का?”

मी विचारलं, “आत्ता कुठल्या नंबरावर आहे, वन्सं?”

“एकावर.”

“मग दाबू नका. राहू दे तसंच.”

माझा विचार साधा होता. आपण भारतात राहतो, तेव्हा ड्राइव्ह पाचावरच असला पाहिजे अशी सगळ्यांची समजूत असते, आणि म्हणून प्रत्येक परदेशी डीव्हीडीनंतर तो ‘आपल्या’ नंबरावर आणून ठेवायची घाई होते. त्यातच निम्म्या पाळ्या फुकट जातात. आपले हिंदी-मराठी पिक्चर बहुतेक सर्व विभागांसाठी मोकळे काढलेले असतात. ते एकावरही चालतात नि चारावरही. लग्नामुंजीचं शूटिंग, घरी भरलेल्या डीव्हीड्या, फोटोंच्या चकत्या, गाण्यांच्या सीड्या यांना नंबर नसतोच. अडतात ते इथं निघालेले काही परदेशी पिक्चर, तेवढेच. तेव्हा तुमचं माणूस अमेरिकेत असेल तर ड्राइव्ह एकावर ठेवा, ऑस्ट्रेलियात असेल तर चारावर, आणि खुशाल तिथंच राहू द्या.

भावोजींच्या पिक्चरांचं काय, हा प्रश्न उरला. त्यांच्या टीव्हीखालचा प्लेअर चांगल्या कंपनीचा, म्हणजे पक्का पाच नंबरचा. त्यावर त्यांचे पिक्चर सुखानं चालले असते, पण संध्याकाळी टीव्हीवर वन्संच्या मालिका असायच्या. त्याच म्हणाल्या, “माझी मालिका गेली महिनाभर तर गेली. लॅपटॉप पोराला राहू दे.” भावोजी दोन दिवस घुश्शात होते, मग टीव्हीपुढं जाऊन बसले. वन्संना मी नंतर विचारलं, मालिकेत पुढं काय झालं? तर म्हणाल्या, “होती तिथंच आहे.”

तुमच्या ड्राइव्हवर किती पाळ्या शिल्लक आहेत ते बघायला कुणाची मनधरणी नको. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजर उघडा, डीव्हीडी ड्राइव्हच्या नावावर माउसचं उजवं बटण दाबा आणि प्रॉपर्टीजमध्ये जा. तिथं ‘डीव्हीडी रीजन’ असं पान असतं. सध्याचा नंबर आणि उरलेले बदल दोन्ही त्यावर लिहिलेले असतात. नुसतं बघितल्यानं पाळी खर्च होत नाही, तेव्हा निर्धास्तपणे बघा. मात्र देशांच्या यादीवर बोट ठेवून ‘ओके’ दाबलंत की गेली एक. डीव्हीडी घातल्यावर कॉम्प्युटरनं ‘विभाग बदलू का?’ विचारलं तर सवयीनं ‘हो’ करू नका. आधी वेष्टनावरचा गोळा बघा. गोळ्यात नंबराऐवजी ‘ऑल’ असेल तर बदलायची गरजच नाही, अडचण दुसरीच काहीतरी आहे. तबकडी मऊ फडक्यानं मधून कडेकडे, सरळ रेषेत पुसून बघा, गोल फिरवत नको.

पाळी खर्च करण्याआधी आणखी एक करून बघण्यासारखं आहे. व्हीएलसी नावाचा एक फुकट मिळणारा प्लेअर आहे, पॅरिसच्या एका कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला. नव्या विंडोजमध्ये डीव्हीडी चालवायची सोय मुळात नसतेच, त्यामुळे तो तसाही लागतो. पुष्कळ ड्राइव्हवर तो नंबर न बदलताही विकत घेतलेली डीव्हीडी दाखवतो. काही ड्राइव्ह मात्र त्यालाही दाद देत नाहीत. बाजारात कुणी ‘आतला प्रोग्रॅमच बदलून देतो, मग कुठलाही नंबर चालेल’ असं सांगेल. ते काम मध्येच फसलं तर ड्राइव्ह कायमचा निकामी होतो. पैसे घालायचेच असतील तर वायरीचा दुसरा ड्राइव्ह घ्या. एक परदेशच्या नंबरावर ठेवा, एक पाचावर, म्हणजे घरात भांडण नको.

असे दोन ड्राइव्ह झाले की ते ओळखायचे कसे? मसाल्याच्या बरण्यांना लावतो तशी चिठ्ठी लावायची. त्यावर नंबर आणि उरलेल्या पाळ्या पेन्सिलीनं लिहायच्या, म्हणजे खोडून बदलता येतात. चिठ्ठी ड्राइव्हच्या झाकणावर लावा. तबकडीवर काही चिकटवू नका. फिरताना तिचा तोल जातो आणि कागद सुटला तर आतच अडकून बसतो.