उभा धागा, आडवा धागा

मनुष्याच्या जनुकसंचांत अवघीं चार रासायनिक अक्षरें. परंतु त्यांची ओळ सुमारें ३०० कोटी अक्षरांची! ती जुळविण्यास गणकयंत्र हवें, अर्थ लावण्यास जीवशास्त्र. संस्कृत शिकवितांना मी सांगत असें, सूत्रें पाठ असून प्रयोग न जाणणारा वैयाकरण नव्हे. येथेंहि तेंच. पुण्याच्या विद्यापीठांत १९८७ सालीं निघालेलें जैवमाहितीशास्त्राचें केंद्र या दोहोंची सांगड घालणारीं माणसें घडवितें. असें असतां आमच्या येवल्यांत दहावी झालेल्या मुलास आपण पुसतों, "गणित सोडतोस कीं जीवशास्त्र?" मास्तरकींत आयुष्य गेलेल्या मला हा प्रश्नच खटकतो. पैठणीस उभा धागा हवा, तसा आडवाहि हवा. वाचकहो, सोळाव्या वर्षींच त्यांतला एक तोडूं नये.