बोगद्यांच्या वाटेनं रत्नागिरीला

बालमित्रांनो, महाराष्ट्राचा नकाशा आहे ना जवळ? मग तो पुढ्यात घ्या आणि रोह्यापासून रत्नागिरीपर्यंत बोटानं एक रेघ ओढा. वाटेत किती नद्या आडव्या येतात बघा! सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री... सगळ्या सह्याद्रीतून निघतात आणि पश्चिमेला समुद्राकडे धावत सुटतात. दोन नद्यांच्या मधून सह्याद्रीचे फाटेही समुद्राकडेच उतरतात. नद्या आडव्या, डोंगर आडवे. आणि आगगाडीला मात्र जायचंय उत्तरेकडून दक्षिणेला! मग करायचं काय? नदी आली की पूल, डोंगर आला की बोगदा. कोकण रेल्वेचं सारं गणित एवढंच.

कागदावर सोपं वाटणारं हे गणित जमिनीवर मात्र भलतंच अवघड होतं. १९९० साली काम सुरू झालं. ई. श्रीधरन हे या कामाचे प्रमुख. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, नव्वदच्या वर बोगदे आणि लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल! १९९८ च्या जानेवारीत हा सगळा मार्ग खुला झाला. याच मार्गानं, गणपती आटोपल्यावर, मी एकटीच रत्नागिरीला जाऊन आले. पहाटेच्या जनशताब्दीनं जायचं, दिवसभर गाव पाहायचं आणि रात्रीच्या कोकणकन्येनं परतायचं, असा बेत. सामान म्हणजे खांद्याला एक पिशवी. तीत पाण्याची बाटली, छत्री, दशम्या आणि परतीचं तिकीट.

आता तुम्ही म्हणाल, खिडकीतून समुद्र दिसला असेल! नाही हो. कोकण रेल्वे म्हटलं की सगळ्यांना समुद्रच आठवतो. पण रत्नागिरीपर्यंत गाडी जाते ती आतल्या डोंगराळ भागातून. म्हणून जाताना डावीकडची खिडकी पकडावी. सह्याद्री त्या बाजूला असतो. ढग डोंगरांच्या कमरेला टेकलेले, भातखाचरं पोपटी झालेली, मध्येच कौलारू घरं आणि त्यांतून वर येणारा चुलीचा धूर. बघून बघून डोळे निवतात.

माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या.

"एकटीच निघालीस का गं?" त्यांनी विचारलं.

"हो आजी. रत्नागिरी बघायची आणि रात्री परत."

"एका दिवसात जाऊन येऊन?" आजी हसल्या. "आम्ही बोटीनं जायचो, भाऊच्या धक्क्यावरून. निम्म्या वाटेत बोट लागायची. ओकून ओकून जीव अर्धा! बरं, बंदर आलं म्हणजे सुटलो म्हणावं, तर तेही नाही. बोट खोल पाण्यात उभी. मग पडावात उतरायचं आणि हेलकावे खात किनारा गाठायचा. कडेवर पोर, हातात ट्रंक!"

समोरच्या बाकावर एक भाऊबहीण वहीत बोगदे मोजत होते. अंधार झाला की एक रेघ. पण चिपळूण येईस्तोवर दोघांची बेरीज काही जुळेना. "छोटा होता तो तू धरलाच नाहीस!" "तो बोगदा नव्हता, नुसता पूल होता वरून!" शेवटी आजींनी दोघांच्या हातावर एकेक लाडू ठेवला, तेव्हा तह झाला.

या मार्गाचा बराचसा भाग एकेरी आहे. त्यामुळे समोरून गाडी येणार असली की आपल्या गाडीनं स्टेशनात थांबून तिला वाट द्यायची. पावसाळ्यात तर गाड्यांचा वेगही कमी ठेवतात. दरडी कोसळण्याची भीती असते ना! रुळांवर पहारा करणारे कर्मचारी भर पावसात मैलोन्‌मैल चालत मार्ग तपासतात. आपण खिडकीत बसून ज्या पावसाला वा वा म्हणतो, तोच पाऊस त्यांच्या डोक्यावर असतो.

उक्षी स्टेशनाच्या आसपास रानपाटचा धबधबा फेसाळताना दिसला आणि मग आला करबुड्याचा बोगदा. लांबी साडेसहा किलोमीटर! २०१३ साली काश्मीरमध्ये पीर पंजालचा अकरा किलोमीटरचा बोगदा सुरू झाला. तोवर करबुडे हाच भारतातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा होता. पूर्वी इथं डिझेल इंजिनाचा धूर कोंडायचा. २०२२ साली सगळ्या मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं. तर दोस्तांनो, एक कोडं : गाडी ताशी ७८ किलोमीटर वेगानं धावली, तर हा बोगदा ओलांडायला किती मिनिटं लागतील?

रत्नागिरीचं स्टेशन गावापासून जरा दूर, कुवारबावला आहे. बाहेर पडून रिक्षा केली आणि थेट टिळक आळीत उतरले. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी इथल्याच एका कौलारू घरात झाला. अंगण, लाकडी जिना, गार वाटणारी जमीन. मोठ्या माणसाचं घर किती साधं असावं! वयाची पहिली दहा वर्षं बाळ टिळक याच गावात खेळले, शिकले. पुढे ते पुण्याला गेले, आणि १९०८ साली सरकारनं राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा देऊन त्यांना पाठवलं ते थेट ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये. मंडालेच्या तुरुंगात.

मंडाले हे नाव लक्षात ठेवा हं. ते लगेच पुन्हा येणार आहे.

एका घरगुती खानावळीत आमटी-भात, उसळ आणि वर वाटीभर सोलकढी घेतली आणि पुन्हा रिक्षा केली. "थिबा पॅलेस," मी म्हटलं.

"चला ताई," रिक्षावाले काका म्हणाले. "थिबा राजा म्हणजे आता आमच्या गावचाच की!"

पण तो या गावचा मुळीच नव्हता. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. त्याची राजधानी कुठली? मंडाले! १८८५ साली इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि त्याला राणीसह बोटीत बसवून देशाबाहेर काढलं. आधी मद्रास, मग १८८६ साली रत्नागिरी. रत्नागिरीच का? कारण तेव्हा इथं रेल्वे नव्हती. एका बाजूला घाट, दुसऱ्या बाजूला समुद्र. राजाला त्याच्या माणसांपासून दूर ठेवायला याहून आडबाजूची जागा कुठे मिळणार? जो डोंगर फोडायला पुढे बोगद्यांमागून बोगदे खणावे लागले, तोच डोंगर तेव्हा इंग्रजांच्या उपयोगी पडला.

राजवाडा उंचावर आहे. लाल रंगाचा, उतरत्या छपरांचा, अर्धगोल खिडक्यांचा. हा वाडा बांधून होईपर्यंत १९१० साल उजाडलं होतं. तोवर राजा इथल्या बंगल्यांतूनच राहत होता. आता वाड्यात संग्रहालय आहे. वरच्या मजल्यावरून समुद्राकडे पाहिलं आणि माझ्या मनात हिशेब सुरू झाला. १९०८ ते १९१४ टिळक मंडालेत कैद. त्याच वर्षांत मंडालेचा राजा रत्नागिरीत कैद! रत्नागिरीचा मुलगा राजाच्या गावी, आणि राजा त्या मुलाच्या गावी. दोघांनाही पाठवणारं सरकार एकच.

पुढे काय झालं? टिळकांनी मंडालेत पेन्सिलीनं ‘गीतारहस्य’ लिहून काढलं. त्या काळातच, १९१२ साली, त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई इकडे वारल्या. १९१४ साली टिळक सुटले आणि घरी आले. थिबा मात्र कधीच परतला नाही. तीस वर्षं इथं काढून १९१६ च्या डिसेंबरात तो रत्नागिरीतच वारला. राणी सुपयालत १९१९ साली मायदेशी परतली. राजाची समाधी इथंच राहिली. २०१२ साली म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम रत्नागिरीला आले आणि त्यांनी या समाधीचं दर्शन घेतलं. आपल्या राजाला भेटायला त्याच्या देशाचा प्रमुख आला, पण केव्हा? शंभर वर्षं होत आली तेव्हा.

समाधी पाहून बाहेर आले, तर काका रिक्षाला टेकून उभे होते. "इतक्या लांबचा माणूस," ते म्हणाले, "पण गावानं नाव टाकलं नाही हो त्याचं." खरंच आहे. राजवाड्याजवळच्या उंच जागेला लोक आजही ‘थिबा पॉइंट’ म्हणतात. तिथून भाट्याची खाडी समुद्राला मिळताना दिसते.

संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर गेले. इथली वाळू काळसर आहे. मुलं भेळ खात होती, होड्या परतत होत्या, आणि रत्नदुर्गाच्या बाजूला सूर्य उतरत होता. याच समुद्रातून आजींची बोट यायची. याच समुद्रातून राजाही आला होता. आजी दर खेपेला परतल्या. राजाला परतायची परवानगी नव्हती. प्रवास कितीही सुंदर असला, तरी परत येण्याचा हक्क आपल्या हाती असेल तरच त्याला सहल म्हणायचं. नाहीतर ती शिक्षाच.

दोस्तांनो, तुम्हीही आईबाबांबरोबर रत्नागिरी पाहायला जरूर जा. पण आधी टिळकांचं घर बघा आणि मगच थिबाचा राजवाडा. गोष्ट त्या क्रमानं नीट कळते. घरी आल्यावर जगाच्या नकाशात मंडाले शोधा आणि रत्नागिरीपासून तिथवर एक रेघ ओढा. तिच्यावर पुलही नाहीत आणि बोगदेही नाहीत, तरी ती रेघ ओलांडणं किती अवघड होतं, ते तुम्हाला आता माहीत आहे.

आणि हो, कोड्याचं उत्तर : पाच मिनिटं!