गायक गेला तरी

आमचा कॉलेजचा बँड तीन वर्षं चालला. मग गायकाला बंगळूरला नोकरी लागली. तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडला आणि आठवडाभरात बाकीचेही. मी ड्रम्स वाजवायचो. सेट पलंगाखाली सरकवला आणि 'गायकाशिवाय बँड कसला?' असं सगळ्यांना सांगत फिरलो.

मग एका रात्री यूट्यूबवर टॉवर ऑफ पॉवरचं 'व्हॉट इज हिप?' लागलं. १९७३चं गाणं. फंक, रॉक, सोल, सगळं एकत्र. पण माझा कान अडकला तो बेस आणि ड्रम्समध्ये. रोको प्रेस्टिया प्रत्येक ठोक्याचे चार तुकडे करतो आणि दबक्या आवाजात सलग वाजवत राहतो. डेव्हिड गॅरिबाल्डी मधल्या जागा स्नेअरवरच्या इतक्या हलक्या फटक्यांनी भरतो की फोनच्या स्पीकरवर ते कळतही नाहीत. इअरफोन लावा. मी दोन महिने उशीवर काठ्या आपटतोय, अजून बसलेलं नाही.

आणि गायक? १९७०च्या पहिल्या अल्बमवर मुख्य आवाज रूफस मिलरचा. १९७२च्या अल्बमवर रिक स्टीव्हन्सचा. 'व्हॉट इज हिप?' गातो लेनी विल्यम्स. तीन अल्बम, तीन गायक! पुढेही बदलतच गेले. १९६८ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये बँड उभा राहिला तो एमिलिओ कॅस्टिलोचा टेनर आणि स्टीफन 'डॉक' कुपका याचा बॅरिटोन सॅक्सोफोन यांच्या जोरावर. गाणी लिहिणारेही मुख्यतः हेच दोघं. ऐंशीच्या दशकात स्वतःचं फारसं चालेना, तेव्हा यांचा हॉर्न सेक्शन ह्युई लुईसच्या मागे उभा राहून वाजवत होता. आपला बँड असताना दुसऱ्याच्या मागे उभं राहायचं. मला जमलं नसतं, खरं सांगतो.

जानेवारी २०१७मध्ये ओकलंडलाच, कार्यक्रमाच्या आधी रूळ ओलांडताना गॅरिबाल्डी आणि तेव्हाचा बेसिस्ट मार्क व्हॅन वागेनिंगन यांना रेल्वेची धडक बसली. दोघंही वाचले. गॅरिबाल्डी तेव्हा सत्तर वर्षांचा होता. नंतर तो पुन्हा ड्रम्सवर बसला. २०१८मध्ये पन्नाशीचा अल्बम आला, त्यात कॅस्टिलो आणि कुपका होतेच. प्रेस्टिया २०२०मध्ये गेला.

परवा रविवारी सेट बाहेर काढला. किक पेडलला गंज चढलाय. आमच्या बेसवाल्याला मेसेज टाकला.

"गायक कोण?" त्याने विचारलं.

म्हटलं, आधी तू तर ये.