अडलेली बंदूक

मला बंदुका आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. ओहायोतल्या या गावात आम्ही बारा वर्षं राहतोय. हल्लेखोर शाळेत शिरला तर वर्गाचं दार लावून कोपऱ्यात गप्प कसं बसायचं, याची तालीम माझ्या मुलीला दरवर्षी करावी लागते. शेजारचे आजोबा म्हणाले, “माझी रायफल सारखी अडकते, जरा बघतोस का?” तेव्हा मनात आलं, अडकू दे की! तेवढीच निरुपद्रवी.

आजोबा ऐंशीच्या पुढचे. जन्मभर मका आणि सोयाबीन पिकवलं, आता हात कापतात. मी कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम करतो, हे त्यांना माहीत होतं. उन्हाळ्यात नातीला नेम धरायला शिकवायचं होतं. माझा चेहरा बघून ते म्हणाले, “अडलेली बंदूक रिकामी असते असं समजू नकोस.”

ते खरंच होतं. पॉइंट टू टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासूनचं. बार पेटवणारं रसायन त्याच्या बुडाच्या कडेत भरलेलं असतं, म्हणून त्याला रिमफायर म्हणतात. गोळी शिशाची, साधारण अडीच ग्रॅमची, वरून मेण लावलेली. सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत बार झाला की त्याच्याच धक्क्याने बोल्ट मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना नवं काडतूस चेंबरमध्ये ढकलतो. या साऱ्याला बळ पुरवतं ते एवढंसं काडतूस. ते जरा कमी पडलं किंवा वाटेत काजळी साचली, की फेरा अर्ध्यावर थांबतो. अशा वेळी चेंबरमध्ये जिवंत काडतूस आहे की रिकामी पुंगळी, हे बाहेरून कळत नाही. आणि वैतागलेला माणूस नेमका तेव्हाच नळीची दिशा विसरतो.

‘अडकते’ म्हणणं म्हणजे डॉक्टरला ‘बरं वाटत नाही’ सांगणं. नवं काडतूस आत शिरताना तिरकं झालं, तर संशय मॅगझिनवर. पुंगळी चेंबरमध्येच राहिली, तर चेंबर मळलेलं किंवा पुंगळी ओढणारी आकडी बोथट. पुंगळी बोल्टच्या तोंडात उभी चिमटली, तर बहुधा बोल्ट पुरेसा मागे गेलेला नाही. चाप ओढूनही बार झाला नाही, तर काडतूस सदोष किंवा घाव हलका.

त्यांच्या शेतामागे मातीचा उंच बांध आहे. तिथे ते गोळ्या झाडत आणि मी वहीत लिहीत असे: कुठलं मॅगझिन, कुठल्या खोक्यातलं काडतूस, कितवी गोळी, काय झालं. पहिल्या शंभरात अकरा वेळा अडली, त्यातल्या नऊ वेळा पुंगळीच. दोन्ही मॅगझिनांत सारखीच, म्हणजे मॅगझिन सुटली. मग काडतुसं बदलली. आजोबा आवाज कमी म्हणून संथ गोळ्यांची काडतुसं वापरायचे. वेगवान आणल्यावर अकराचे पाच झाले. त्यानंतरच रायफल उघडली. मॅगझिन काढलं, बोल्ट मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहिलं, बोटानं चाचपलं. आकडीखाली मेण आणि काजळीचा दगडासारखा थर होता. तो लाकडी काडीनं कोरून काढला, चेंबरमध्ये ब्रश फिरवला. दोन्ही गोष्टी एकदम केल्या असत्या, तर कशाने गुण आला ते कळलंच नसतं.

पुढच्या शंभरात एकदाच खोळंबा झाला. चाप ओढला, नुसता टक आवाज आला. माझा हात नकळत पुढे गेला. “थांब,” आजोबा म्हणाले. बार उशिराही होऊ शकतो. नळी बांधाकडेच रोखून ते उभे राहिले आणि मोठ्याने तीसपर्यंत आकडे मोजले. हात कापत होते, पण नळी बांधावरून हलली नाही. मगच त्यांनी बोल्ट ओढला. काडतुसाच्या कडेवर घावाची खूण खोल होती. दोष काडतुसाचा.

बंदुकांबद्दलचं माझं मत त्या दिवशीही बदललं नाही. जूनमध्ये त्यांची नात आली. पहिल्या दिवशी तिच्या हातात रायफल दिलीच नाही. आजोबांनी तिला वही दिली, बाकावर बसवलं आणि तीसपर्यंत मोजायला शिकवलं.