कारवीची ध्यानकुटी
१५व्या शतकातील ‘हठयोगप्रदीपिका’ साधकाच्या मठाला, म्हणजे एकांतात बसण्याच्या कुटीला, लहान दार आणि शेणाने सारवलेली जागा सांगते. हे साधेपण आजही मनाला भिडते. सह्याद्रीत तशी कुटी उभारायची तर जांभ्याचे जोते, बांबूचा सांगाडा आणि कूड, म्हणजे कारवीच्या काठ्यांवर माती-शेण लिंपलेली भिंत, यांहून योग्य साहित्य मिळणे कठीण. कारवी साधारण ७-८ वर्षांनी एकदाच फुलून, बी धरून वाळते, म्हणून तेव्हाच्या वाळलेल्या काठ्याच घेणे रानाच्याही हिताचे. खरी कसोटी पावसाची आहे: जोते उंच आणि वळचण, म्हणजे भिंतीबाहेर झुकलेले छप्पर, रुंद नसेल, तर लिंपण टिकत नाही. सिमेंटचा गिलावा मात्र कटाक्षाने टाळावा, कारण त्यामागे ओल कोंडून काठ्या कुजतात.