पाकीट एसटीने यायचं तेव्हा

तालुक्याची बातमी एसटीने यायची. वार्ताहर पाकिटावर आमच्या दैनिकाचं नाव घालून ते संध्याकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचा आणि स्टँडवर आमचा शिपाई सायकल लावून उभा असायचा. गाडी घाटात बंद पडली की त्या तालुक्याची बातमी परवाच्या अंकात. वार्ताहर म्हणजे बहुधा शाळेतले गुरुजी, नाहीतर पेपरचा एजंट. मानधन नावापुरतं. पण ज्याच्याविषयी लिहिलं तो माणूस सकाळी चहाच्या टपरीवर समोर येणार, हे त्याला पक्कं ठाऊक असे.

त्या पाकिटातल्या कागदाचा पुढचा प्रवास मला फार आठवतो. उपसंपादक लाल पेनाने मजकूर निम्मा करायचा. मृताचं वय दोन ठिकाणी वेगळं दिसलं, तर पोलीस ठाण्याला ट्रंक कॉल. मग खिळे जुळवणारे. मग गॅली प्रूफ. एकजण मूळ कॉपी मोठ्याने वाचायचा आणि मुद्रितशोधक ओळीवर बोट ठेवून ऐकायचा. एकदा पुराची बातमी जुळवता जुळवता आमचा कंपोझिटर उठून आला. “साहेब, माझी सासुरवाडी आहे ती. तिथं नदीच नाही.” चौकशी केली. सारख्या नावाचं दुसरं गाव निघालं. त्याला हे काम कुणी सांगितलेलं नव्हतं. पण बातमी त्याच्या हातांतून जात होती, आणि ते हात त्याच मुलखातले होते.

अफवा तेव्हाही धावत. २१ सप्टेंबर १९९५ला गणपती दूध पितो म्हणून देशभर देवळांपुढे रांगा लागल्या, त्या मुख्यतः फोनवर आणि तोंडोतोंडी. पण छापायला रात्र मध्ये होती. त्या रात्रीत शास्त्रज्ञांना विचारता आलं, चमच्यातलं दूध पृष्ठताणामुळे कसं ओढलं जातं ते समजून घेऊन लिहिता आलं.

ती रात्र आता उरलेली नाही. मार्च २०१८मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एमआयटीच्या संशोधकांचा अभ्यास आला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या त्यांनी तपासल्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली. दीड हजार माणसांपर्यंत पोचायला खरीला खोटीच्या सहापट वेळ लागला. हा दोष यंत्रांचा म्हणावा, तर तसंही नाही. स्वयंचलित खाती दोन्ही प्रकारच्या बातम्या सारख्याच वेगाने पसरवत होती. खोट्याला वेग दिला तो माणसांनी, त्यातल्या नवलाईपायी.

पुढे चारच महिन्यांत, १ जुलैला, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजाराच्या दिवशी भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज त्या भागात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते. ‘टोळी बघितली कुणी? पोलिसांत नोंद आहे का?’ एवढं विचारणारा एकही माणूस त्या मेसेजच्या वाटेवर नव्हता. आमच्याकडे हे विचारणाऱ्याला पगार होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. पण पाच ठिकाणी पाठवलेलं खोटंही खोटंच असतं.

जुनं सगळं सोन्याचं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. त्या चाळणीतून बातम्या अडवल्याही जात, आणि कुणाच्या अडत हे जातीवरही ठरे. बाबासाहेबांना १९२०मध्ये ‘मूकनायक’ उगीच काढावा लागला नाही. आज वस्तीवरची मुलगी हातातल्या फोनवर आपल्या वस्तीची बातमी स्वतः देऊ शकते, आणि २०१४मध्ये सुरू झालेलं पत्रकार पी. साईनाथांचं ‘पारी’ हे संकेतस्थळ खेड्यांचं जगणं मराठीतही वाचायला देतं. हे आमच्या काळात शक्य नव्हतं.

मला राग आहे तो वेगळ्या गोष्टीचा. जाहिरातींचा पैसा गूगल-फेसबुककडे वळला आणि कितीतरी कचेऱ्यांत पहिली खुर्ची उचलली गेली ती मुद्रितशोधकाची. मग उपसंपादक कमी झाले. तालुक्याचा वार्ताहर आज फोटो काढतो, व्हिडिओ करतो, फोनवरच मजकूर लिहून ग्रुपवर टाकतो आणि तो जसाच्या तसा काही मिनिटांत पोर्टलवर चढतो. त्याचा मजकूर वाचून त्याला उलट प्रश्न विचारणारं कुणी नाही. कितीजणांनी बघितलं, एवढंच विचारतात. मानधन अजूनही नावापुरतंच.

या बदलांवर ऑक्सफर्डची रॉयटर्स इन्स्टिट्यूट २०१२पासून दरवर्षी मोठा अहवाल काढते. त्यातला भारताचा नमुना मुख्यतः इंग्रजी जाणणाऱ्या इंटरनेट वापरकर्त्यांचा असतो. साक्रीचा वाचक त्यात जवळजवळ नसतोच. म्हणून पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, नागपूर-संभाजीनगरच्या विद्यापीठांत पत्रकारिता शिकणाऱ्या मुलांनी तालुक्यातालुक्यांत जावं. इथली बातमी आज कोण देतं, त्याला पैसे कोण देतं आणि छापण्याआधी ती दुसरं कोण वाचतं, हे विचारावं आणि मराठीत लिहून काढावं. राईनपाड्यापासून सुरुवात केली तरी चालेल.