लाकडाला लावाल ते ताटात येईल

अंगणातल्या लाकडी पेटीतली मेथी खुडताना तिच्यावर कशाची फवारणी झाली, हे आपल्याला ठाऊक असते. पण ज्या पेटीत ती वाढली, तिच्या फळ्यांना काय चोपडले आहे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. घरच्या भाजीवरचा आपला विश्वास त्या प्रश्नावरही अवलंबून आहे.

आर्वी तालुक्यातील आमच्या रोहण्यात लाकडाची कसोटी कठोर असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, फळ्या आकसतात, त्यांना भेगा पडतात. पुढे पावसाळ्यात त्याच भेगांतून पाणी मुरते. आमच्या पेट्या तयार झाल्या तेव्हा सुतारकाकांनी आपुलकीने सुचवले, "ताई, जळकं ऑइल मारून घ्या, वाळवी फिरकणार नाही." गावोगाव हाच उपाय केला जातो. दाराच्या चौकटीसाठी तो सुचवला असता, तरी मी विचार केला असता. इथे तर माझी नात पालकाची पाने तोडून तशीच तोंडात घालते. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये झिजलेल्या धातूंचे कण आणि कर्करोगाला कारण ठरणारी संयुगे असतात. पाण्याबरोबर ती मातीत उतरू शकतात. मी काकांना नम्रपणे नकार दिला.

आयती मिळणारी लाकडेही पारखून घ्यावीत. रेल्वेच्या जुन्या स्लीपरना बहुधा क्रिओसोट हे डांबरी द्रव्य पाजलेले असते. माल वाहणाऱ्या खोक्यांवर व पॅलेटवर 'एमबी' हा शिक्का असेल, तर त्यांना मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. 'एचटी' म्हणजे केवळ उष्णतेची प्रक्रिया. तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या मिश्रणाने टिकाऊ केलेले लाकूड अमेरिकेतील उत्पादकांनी २००३ अखेर बहुतेक घरगुती कामांसाठी बनवणे थांबवले. त्यातला आर्सेनिक मातीत झिरपतो. भाजीसाठी असे लाकूड नकोच.

मग रक्षण करायचे कसे? प्रथम हे ध्यानात घ्यावे की, लाकूड पावसाने भिजल्यामुळे कुजत नाही, ते वाळू न दिल्यामुळे कुजते. ओलावा साधारण २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला, तरच बुरशीचे फावते. म्हणून पेटी जमिनीवर न टेकवता विटांवर ठेवावी. खालून वारा खेळतो आणि वाळवी चढू लागली तर लगेच दिसते. तळाला बोटाएवढी छिद्रे असावीत. लाकूड सागाच्या गाभ्याचे घ्यावे; कडेचे पांढरे लाकूड लवकर सडते.

यानंतर तेलाचा विचार. ज्या जवसाची चटणी आपण विदर्भात भाकरीबरोबर खातो, त्याच जवसाचे घाण्याचे तेल लाकडालाही मानवते. हवेतील प्राणवायू शोषून ते घट्ट होते आणि पाण्याला अटकाव करते. रंगाच्या दुकानातील 'डबल बॉइल्ड' तेलात मात्र लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार मिसळलेले असू शकतात, ते टाळावे. एप्रिल-मे महिन्यांत, लाकूड कोरडे असताना, फक्त बाहेरच्या बाजूने पातळ हात द्यावा. जादा तेल पुसून घ्यावे, पूर्ण वाळू द्यावे, मग दुसरा हात. आतील बाजू कोरीच ठेवावी. एक सावधगिरी अत्यावश्यक आहे: या तेलाची फडकी चुरगाळून टाकल्यास आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पाण्यात बुडवावीत किंवा मोकळी पसरून वाळवावीत.

एवढे करूनही लाकूड उन्हाने करडे पडेल, काही वर्षांनी झिजेलही. ते झिजणे स्वीकारावे. जवसाच्या तेलावर जगलेली फळी शेवटी खतात मिसळता येते. रसायन पाजलेली फळी मात्र चुलीतही घालता येत नाही. तिच्या धुरातून आणि राखेतून तेच विष घरात पसरते. पेटी चार वर्षे कमी टिकली तरी चालेल. तिच्यातली भाजी निःशंक मनाने मुलांच्या ताटात वाढता आली पाहिजे.